व्यसनाचे दोन आलेख : ‘एकच प्याला’ आणि ‘गर्द’

राम गणेश गडकरी यांचा अंत २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाला; ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर. मराठी मनात व्यसनी माणसाची जी प्रतिमा ठसली आहे ती तेव्हापासून सुधाकराची. त्याच जिल्ह्यातील मौद्यात आज एखाद्या घरी हेरॉइनसारख्या अफूजन्य द्रव्याचे व्यसन शिरले, तरी त्याचा अर्थ या जुन्याच साच्यात लावला जाण्याचा संभव अधिक : पहिला घोट म्हणजे अधःपात, आणि अधःपाताला परतीची वाट नाही.

वस्तुतः हा सिद्धांत नाटकात बोलला जातो, घडत मात्र नाही. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. शुद्धीवर आलेला हा माणूस ओळखीच्यांकडे काम मागत फिरतो आणि पदरी पडतो तो उपहास व नकार. त्यानंतर तो पेल्याकडे वळतो तो कायमचा. गडकऱ्यांच्या सिद्धांताहून त्यांची प्रतिभा येथे अधिक जाणती ठरली आहे. सुधाकराचा अहंकार आणि सिंधूचे पातिव्रत्य यांची चर्चा उदंड झाली. या नकाराच्या प्रसंगाचे महत्त्व त्या मानाने उपेक्षितच राहिले.

अनिल अवचट यांचे ‘गर्द’ हा नाट्याविष्कार नव्हे, वृत्तांत आहे. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात पसरलेल्या ब्राऊन शुगरचे, म्हणजे अशुद्ध हेरॉइनचे, हे बाजारी नाव. (त्यावरून निघालेला ‘गर्दुल्ला’ हा शब्द माणसाला निकालात काढण्याच्या कामी आजही येतो.) लेखक उपदेश करीत नाही, पाहतो, विचारतो व लिहितो. द्रव्य थांबताच अंगात उठणाऱ्या कळा, जुलाब, निद्रानाश, या साऱ्याला व्यसनी मंडळींत ‘टर्की’ म्हणतात. पुढे पुढे गर्द घेतली जाते ती सुखासाठी नव्हे, तर ही टर्की टाळण्यासाठी, हे एकदा उमगले की ‘निश्चयाचा अभाव’ हे स्पष्टीकरण लंगडे पडते. शिवाय द्रव्य सोडल्यावर शरीराचा सराव ओसरतो. म्हणून काही आठवड्यांच्या संयमानंतर जुन्याच मात्रेत घेतलेली गर्द श्वास थांबवू शकते. सुधाकराला दुसऱ्या घसरणीनंतर अवधी तरी मिळाला. येथे तेवढाही मिळेलच असे नाही.

अवचटांचे हे लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्य देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे अवचटांचे नंतरचे पुस्तक नाट्याच्या दृष्टीने ‘गर्द’हून फिके आहे, हे मान्य करावे लागेल. बऱ्या झालेल्यांनीच कार्यकर्ते होणे, पुन्हा घसरलेल्याला पुन्हा दाखल करून घेणे, यांत उत्कर्षबिंदू कोठून यावा? तथापि सुधाकराला जे नाकारले गेले ते याच नीरस भागात आहे. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे. त्या एकत्र बसतात व बोलतात. सिंधू पाच अंक सोसते, आणि तिच्यासारखीच दुसरी स्त्री, तळीरामाची गीता, त्याच नाटकात असूनही या दोघींचे दुःख एकमेकींच्या उपयोगी पडत नाही.