‘किती देश झाले?’ : एका आकड्याचं परीक्षण

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने परवा मला बायोडेटा तपासायला दिला. छंदांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘प्रवास (७ देश)’. मी सहज विचारलं, “कुणी विचारलं की सात कसे मोजलेस, तर काय सांगशील?” तो हसला. “ताई, देश मोजायला काय लागतं? पासपोर्टवरचे शिक्के बघायचे.”

मग आम्ही खरंच शिक्के बघितले. दोन वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर केलेली युरोप टूर : फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड. शेंगेन असल्यामुळे पाच देशांत मिळून शिक्के दोनच, एक आत जाताना आणि एक बाहेर पडताना. सहावा देश नेपाळ. तिथे भारतीयाला पासपोर्टही लागत नाही, त्यामुळे शिक्का नाही. सातवा कतार. “दोह्याला नुसतं विमान बदललं होतं. तो धरू की नको गं?”

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर या प्रश्नापाशी थांबा. आज मी कुठलाही पेपर उलगडून सांगणार नाहीये. ‘मी इतके देश फिरलो’ हा आकडा म्हणजेच एक पेपर आहे असं समजून त्याचं परीक्षण करू या. रिव्ह्यूअर जे प्रश्न विचारतो तेच विचारायचे.

पहिला प्रश्न : ‘देश’ म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक धरले तर १९५. तैवान आणि कोसोव्होचं काय करायचं, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. आणि ही झाली फक्त सरकारी बाजू. १९५४ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘ट्रॅव्हलर्स सेंच्युरी क्लब’ स्थापन झाला. शंभर ‘देश’ झाले की सदस्यत्व मिळतं. पण त्यांच्या यादीत तीनशेहून जास्त नोंदी आहेत. अलास्का वेगळा, हवाई वेगळं. आपले अंदमान-निकोबारही वेगळे! म्हणजे पुण्याहून पोर्ट ब्लेअरला गेलात तर त्यांच्या हिशेबात तुमची संख्या एकाने वाढते, आणि पुण्याहून इंफाळला गेलात तर वाढत नाही.

यात क्लबची चूक नाही. त्यांनी नियम लिहून ठेवलेत. चूक आपली होते, कारण आपण नुसता आकडा सांगतो आणि तो कुठल्या यादीवर मोजला ते सांगत नाही.

शिवाय यादी जागेवर राहत नाही. ग्रॅहम ह्यूज या ब्रिटिश प्रवाशाने जानेवारी २००९ मध्ये विमान न वापरता सगळे देश फिरायला सुरुवात केली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९२ होते. तो वाटेत असतानाच जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि १९३वा सदस्य बनला. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याचा प्रवास संपला तो दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात. प्रयोग चालू असताना मोजपट्टीच लांबली.

याच्या उलट उदाहरणही आहे. समजा, एखादे आजोबा १९७५ साली मॉस्को, ताश्कंद आणि तिबिलिसी पाहून आले. तेव्हा त्यांचा देश झाला एक, सोव्हिएत युनियन. आज तेच तीन धरतात : रशिया, उझबेकिस्तान, जॉर्जिया. आजोबा १९७५ नंतर घराबाहेर पडले नसले तरी संख्या तिप्पट!

पक्षीनिरीक्षण करणाऱ्यांना हे लगेच कळेल. वर्गीकरणशास्त्रज्ञांनी एका प्रजातीच्या दोन केल्या की घरी बसल्या बसल्या तुमच्या यादीत एक पक्षी वाढतो. पक्षी तोच, तुम्ही पाहिलेला क्षणही तोच. बदलली ती व्याख्या.

दुसरा प्रश्न : ‘जाऊन आलो’ म्हणजे काय?

हा दोह्याचा प्रश्न. वर सांगितलेल्या क्लबच्या नियमानुसार विमान इंधन भरायला उतरलं तरी ती भेट धरली जाते. याउलट डेन्मार्कचा थोर पेडरसन ऑक्टोबर २०१३ मध्ये निघाला. विमान वापरायचं नाही आणि प्रत्येक देशात किमान २४ तास राहायचं, असे नियम त्याने निघण्याआधीच ठरवले होते. २०३ देशांच्या यादीतला शेवटचा, मालदीव, त्याने मे २०२३ मध्ये गाठला. मधली जवळजवळ दोन वर्षं तो कोविडमुळे हाँगकाँगमध्ये अडकला होता.

२४ तास हा आकडा शास्त्रीय आहे का? नाही. चोवीस तासांत कुठला देश कळतो! पण तो आधी ठरवलेला आहे, सगळ्यांना सांगितलेला आहे आणि शेवटपर्यंत पाळलेला आहे. संशोधनात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. ती परिपूर्ण असावी अशी अपेक्षा नसते. दुसऱ्या माणसाने ती वापरली तर त्यालाही तेच मोजता आलं पाहिजे, इतकंच. निकाल हातात आल्यावर ‘दोहा धरू का?’ असं विचारणं म्हणजे विदा बघून व्याख्या ठरवणं. माझ्या ज्युनियरला सहापेक्षा सात बरे वाटत होते, म्हणून दोहा आत आला. डेटा टेबलात आपणही हेच करतो, फक्त तिथे कुणी हसत नाही.

तिसरा प्रश्न : मोजायचं काय होतं, आणि मोजलं काय?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पहिले दोन प्रश्न नियम लिहून सुटतात, हा सुटत नाही.

आकडा सांगणाऱ्याला बहुतेक वेळा म्हणायचं असतं की मी खूप फिरलोय, खूप जग पाहिलंय. आता बघा. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग या तिघांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ७५ हजार चौरस किलोमीटर. एकट्या महाराष्ट्राचं ३,०७,७१३. गडचिरोलीहून निघून माडिया, झाडीबोली, वऱ्हाडी, मराठवाडी असं ऐकत ऐकत सावंतवाडीला मालवणीत पोचलेल्या माणसाची देशसंख्या शून्य. ब्रसेल्सहून सकाळच्या गाडीने अॅमस्टरडॅमला गेलेल्याचे दोन देश दुपारच्या जेवणाआधी झालेले असतात.

दुसरं, पासपोर्ट. जपान किंवा सिंगापूरच्या नागरिकाला सुमारे १९० ठिकाणी आधी व्हिसा न काढता जाता येतं. भारतीय पासपोर्टवर ही ठिकाणं साठच्या आसपास आहेत. बाकी ठिकाणी अर्ज, बँक स्टेटमेंट, अपॉइंटमेंट आणि फी. शेंगेनची फीच ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. म्हणजे दोन माणसांच्या देशसंख्येतला फरक कुतूहलाचा आहे की जन्म कुठे झाला याचा, हे आकडा सांगू शकत नाही. अशा मागे लपलेल्या कारणाला आपण गोंधळकारक चल म्हणतो. इथे असे निदान तीन आहेत : पासपोर्ट, पैसा आणि देशांचा आकार.

तिसरं उदाहरण आपल्या घरातलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि नेमके उठावात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. पुढे त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला आणि आजही इतिहासाचे अभ्यासक तो उघडतात. आजच्या अॅपमध्ये गोडसे भटजींची नोंद केली तर नकाशावर एकच देश रंगेल, तोही स्वतःचा. ज्या मोजपट्टीवर हा प्रवास शून्याच्या जवळ जातो, ती मोजपट्टी प्रवास मोजत नाही. ती सरहद्दी ओलांडणं मोजते. तेही मोजायला हरकत नाही, पण मग त्याला त्याच नावाने हाक मारा.

मग चांगला निर्देशांक काढू या का?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा मोह होतोच. मलाही झाला. एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये विविधता मोजण्याची एक पद्धत मांडली, ती आम्ही वनस्पतींसाठी वापरतो. इथे लावून बघू. समजा, ‘अ’ने १०० रात्री परदेशात काढल्या : ९१ एका देशात आणि उरलेल्या नऊ देशांत एकेक. ‘ब’ने १०० रात्री चार देशांत काढल्या, प्रत्येकी २५. नुसती मोजणी केली तर अ = १०, ब = ४. आता प्रत्येक देशाचा वाटा घ्या, त्याचा वर्ग करा, बेरीज करा आणि १ला त्या बेरजेने भागा. ‘अ’ची बेरीज ०.८२९, म्हणून प्रभावी संख्या साधारण १.२. ‘ब’ची बेरीज ०.२५, प्रभावी संख्या ४. क्रम उलटला!

छान वाटतं ना? पण थांबा. ‘अ’ने ९१ रात्री एकाच गावात राहून तिथली भाषा शिकली असेल आणि ‘ब’ने चारही देशांत हॉटेलाबाहेर पाऊल टाकलं नसेल, तर? सूत्र सुधारलं, प्रश्न तिथेच राहिला. आपल्याला ‘जग पाहिलं’ यात नक्की काय हवंय, हे ठरल्याशिवाय कुठलंही सूत्र मदत करत नाही.

आकड्याच्या बाजूनेही एक गोष्ट

परीक्षण एकतर्फी नको. यादी पुरी करायची म्हणूनच माणसं जुबाला जातात, पॅसिफिकमधल्या नाउरूला जातात, जिथे एरवी टूरवाले नेत नाहीत. यादी आपल्याला आपल्या आवडीबाहेर ढकलते, हा तिचा खरा उपयोग. अडचण सुरू होते ती आकडा हेच ध्येय झालं की. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात अशीच गोष्ट मांडली होती : एखाद्या आकड्यावर नियंत्रण ठेवायला लागलं की त्या आकड्याचं मूळ गोष्टीशी असलेलं नातं बिघडतं. दोह्याचं विमानतळ यादीत येतं ते असं.

आता माझी यादी

हे सगळं मी शहाणपणाने लिहितेय असं वाटेल, म्हणून सांगते. माझं काम सड्यांवरच्या वनस्पतींवर आहे. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं पठार. पहिल्या वर्षी मी ऑगस्ट-सप्टेंबरात बत्तीस सडे केले. ‘केले’ हाच शब्द वापरायचे मी. वहीच्या मागच्या पानावर नकाशा होता, सडा झाला की हिरवा ठिपका. एका दिवशी तीन केले तेव्हा स्टेटसही ठेवलं होतं.

प्रगती अहवालाच्या आधी तक्ता मॅडमना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच विचारलं, “अगं, यातल्या किती सड्यांवर तू दुसऱ्यांदा गेलीस?”

एकाही नाही.

सड्यावरची फुलं टप्प्याटप्प्याने येतात. पहिल्या पावसात फोडशी वर येते, ऑगस्टच्या सुमारास सीतेची आसवं आणि गेंद, पाऊस ओसरताना गवतं फुलोऱ्यावर येतात. मी प्रत्येक ठिकाणी एकाच टप्प्यात गेले होते. माझा प्रश्न होता ‘सड्यावरची विविधता हंगामात कशी बदलते’, आणि माझ्याकडे बत्तीस ठिकाणचा एकेक दिवस होता. सिनॉप्सिसमध्ये बत्तीस हा आकडा भारदस्त दिसला असता, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. पुढच्या वर्षी मी सहा सडे निवडले आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी गेले. फेलोशिपचं एक वर्ष त्यात गेलं. ते कुणी परत दिलं नाही, देणारही नाही.

तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख. सिनॉप्सिसमध्ये कुठलाही आकडा लिहिण्याआधी, मग तो नमुन्यांचा असो, गावांचा असो, मुलाखतींचा किंवा वाचलेल्या पेपरांचा, एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा. एकक काय, आणि ते कुठल्या यादीवरून घेतलं? ते ‘मोजलं गेलं’ असं कधी म्हणायचं? आणि हा आकडा दुप्पट झाला तर माझ्या प्रश्नाचं उत्तर जास्त स्पष्ट होईल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर मोजणी थांबवा आणि गाईडकडे जा. फील्डवर जायच्या आधी जा, माझ्यासारखं नंतर नको.

ज्युनियरने बायोडेटातली ओळ बदलली. आता तिथे ‘प्रवास (नेपाळ, दोन वेळा)’ असं आहे. मी विचारलं, युरोप का काढलास? म्हणाला, “ताई, नेपाळबद्दल कुणी विचारलं तर दहा मिनिटं बोलू शकतो. बेल्जियममध्ये मी बसमध्ये झोपलो होतो.”