'फोन भूत' : बूथ, भूत आणि उसनी वाक्ये

गुरमीत सिंग यांनी दिग्दर्शित केलेला 'फोन भूत' हा हिंदी चित्रपट ४ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला. कथा रवी शंकरन व जसविंदर सिंग बाठ यांची. निर्मिती एक्सेल एन्टरटेनमेंट या संस्थेची. चित्रपट फारसा चालला नाही आणि वृत्तपत्रीय परीक्षणांनी त्याची बोळवण 'गोंधळ' या एका शब्दात केली. तो गोंधळ आहे यात शंका नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाला गोंधळाचेही प्रकार पाडता आले पाहिजेत. अलीकडे पदव्युत्तर विद्यार्थी लघुप्रबंधासाठी असले चित्रपट निवडतात आणि 'विडंबन', 'आंतरसंहितता' अशी लेबले लावून मोकळे होतात. लेबल लावले की विचार संपला अशी समजूत आपल्याकडे बळावत चालली आहे. 'फोन भूत' या समजुतीची परीक्षा पाहण्यास सोयीचा आहे; कारण त्यात जवळजवळ प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी वाक्याची आठवण करून देण्यासाठी उच्चारलेले आहे. अशा भाषेने काही सांगता येते काय, हा खरा प्रश्न.

कथानक थोडक्यात सांगून टाकतो. मेजर आणि गुल्लू हे एका घरात राहणारे दोन तरुण. भयपटांचे वेड एवढेच त्यांचे भांडवल; कामधंद्याचा पत्ता नाही. भुताखेतांची सजावट करून त्यांनी मांडलेल्या एका मेजवानीत त्यांना विजेचा धक्का बसतो आणि त्यानंतर त्यांना खरोखरीची भुते दिसू लागतात. रागिणी नावाची एक भूतस्त्री त्यांच्यापुढे धंद्याची योजना मांडते : लोकांच्या घरातील भुते घालवायची आणि पैसे मिळवायचे. मोबदल्यात त्यांनी तिचे एक काम करावयाचे. आत्माराम नावाच्या मांत्रिकाने अनेक आत्मे डांबून ठेवले आहेत. त्यांत तिच्या प्रियकराचा आत्मा आहे, त्याची सुटका करावयाची. सिद्धांत चतुर्वेदी, ईशान खट्टर, कतरीना कैफ आणि जॅकी श्रॉफ ही नटमंडळी.

शीर्षकापासून आरंभ करावा. 'फोन बूथ' या जोडशब्दावरून 'फोन भूत' बनले, हे कोणालाही कळेल. ते बनताना नेमके काय घडले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. 'बूथ' मध्ये आदिवर्ण अल्पप्राण आणि अन्त्यवर्ण महाप्राण. 'भूत' मध्ये नेमके उलट. मधला दीर्घ ऊकार जागचा हलत नाही. महाप्राणत्व तेवढे शब्दाच्या शेवटाहून उठून आरंभी जाऊन बसते. संस्कृत व्याकरण जाणणाऱ्या वाचकाला येथे पाणिनीच्या भष्भावाची आठवण होईल : 'बुध्' धातूचे भविष्यकाळी 'भोत्स्यते' होते, आणि 'अर्थबुध्' चे प्रथमेचे एकवचन 'अर्थभुत्'. अर्थात सूत्र येथे लावता यावयाचे नाही. त्याला शेवटी घोष महाप्राण हवा आणि 'थ' तर अघोष. शिवाय 'भुत्' मधील उकार ऱ्हस्व. पण ज्याने कौमुदीचे पान कधी उलटले नसेल अशा जाहिरातवाल्यालाही प्राणाचे हे स्थलांतर कानाला गोड लागते, यावरून भारतीय भाषकाच्या कानात अल्पप्राण-महाप्राणाचा भेद किती खोल मुरला आहे याची कल्पना यावी. जिला हा भेद अर्थभेदक नाही, त्या इंग्रजीत हा श्लेष जन्मालाच आला नसता.

या श्लेषाला एक दुसरेही अंग आहे. 'भूत' हे मुळात 'भू' धातूचे कर्मणि-भूत धातुसाधित. जे होऊन गेले ते. म्हणूनच आपण पिशाच्चालाही भूत म्हणतो आणि काळालाही. चित्रपट प्रदर्शित झाला तोवर सार्वजनिक फोनचे बूथ आपल्या नाक्यांवरून बहुतेक नाहीसे झाले होते. जी पिवळी पाटी एकेकाळी गल्लोगल्ली दिसे, तिची ओळख नव्या प्रेक्षकाला प्रत्यक्षातून नव्हे, जुन्या चित्रपटांतूनच असावयाची. म्हणजे शीर्षकातला 'बूथ' ही आता भूतच झालेला. इतका सुंदर योग लेखकांच्या हाती आयता आला असता चित्रपटात त्याचा काडीमात्र उपयोग केलेला नाही, हे पाहून खेद होतो.

आता पात्रांची नावे. मेजरचे पूर्ण नाव शेरदिल शेरगिल, गुल्लूचे गॅलिलिओ पार्थसारथी. पहिल्यात पंजाबी अनुप्रास. दुसऱ्यात दाक्षिणात्य आडनावापुढे पाश्चात्त्य शास्त्रज्ञाचे नाव, म्हणजे विद्येच्या हौसेवर मारलेली कोपरखळी. हिंदी विनोदाची ही जुनी वाट आहे : प्रांत सांगावयाचा तो नावातून, आणि नाव ऐकताच प्रेक्षकाने काय ते समजून घ्यावयाचे. 'आत्माराम' हे नाव अधिक चांगले जमले आहे. वेदान्तात आत्माराम म्हणजे स्वतःतच रमलेला पुरुष. समर्थांच्या एका प्रकरणाचे ते नाव आहे. मराठी माणूस मात्र पोटभर जेवून 'आत्माराम शांत झाला' असे म्हणतो. दुसऱ्यांचे आत्मे गिळून ज्याचा आत्माराम शांत होत नाही असा मांत्रिक, ही कल्पना मराठी कानाला जितकी लज्जतदार लागते तितकी हिंदी कानाला लागत असेल असे नाही.

परंतु चित्रपटाचा मुख्य भर नावांवर नाही, उसनवारीवर आहे. कतरीना कैफ यांच्या जुन्या जाहिराती, जुनी गाणी, इतर नटांचे गाजलेले संवाद यांचे उल्लेख पावलोपावली येतात. यांतील एक उदाहरण मराठी वाचकाने मुद्दाम तपासावे. चित्रपटात 'चिकनी चुडैल' नावाचे एक पात्र आहे. हे नाव 'चिकनी चमेली' या गाण्यावरून घेतले. ते गाणे २०१२ सालच्या 'अग्निपथ' मधले आणि त्यावर नाचलेल्या अभिनेत्री कतरीना कैफच. पण त्या गाण्याची चालही मुळात स्वतःची नव्हे : अजय-अतुल यांनी केदार शिंदे यांच्या 'जत्रा' (२००६) या मराठी चित्रपटासाठी केलेल्या 'कोंबडी पळाली' चे ते हिंदी रूप. म्हणजे जत्रेतली कोंबडी चमेली झाली आणि चमेलीची चुडैल झाली. तीन पिढ्यांच्या या प्रवासात प्रत्येक वेळी अर्थाचा थोडा अंश गळाला आणि ओळखीचा थोडा अंश वाढला. तिसऱ्या पायरीवर केवळ ओळख उरते. प्रेक्षक हसतो तो विनोद कळला म्हणून नव्हे, मूळ आठवले म्हणून. आठवण आणि विनोद या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि 'फोन भूत' चा सगळा घोटाळा पहिलीला दुसरी मानण्यात आहे.

येथे कोणी म्हणेल की, हा चित्रपट मुद्दामच असंबद्ध आहे. असंबद्धतेला तर्काचे माप लावणे अरसिकपणाचे. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचा विचार रसशास्त्राच्या अंगाने करू. उत्तरकालीन आलंकारिकांनी हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात हा विरोध स्पष्ट नमूद आहे. मग हास्यभयपट संभवतोच कसा? याचे उत्तर आनंदवर्धनाने देऊन ठेवले आहे : एकाच आश्रयाच्या ठिकाणी ज्यांचा विरोध होतो अशा रसांचे आश्रय वेगळे केले की विरोध मावळतो. भय पात्राला, हास्य प्रेक्षकाला. आपल्या परंपरेत याहूनही धाडसाचे उदाहरण आहे. एकनाथांच्या भारुडात आणि तुकोबांच्या अभंगात पंढरीच्या देवालाच भूत म्हटले आहे. तेथे थट्टा आहेच, पण झपाटला जाणारा खरोखरच झपाटलेला आहे. म्हणून थट्टा पोकळ वाटत नाही. 'फोन भूत' मधील दोघे मित्र भयपटांचे भक्त असल्यामुळे भुते पाहून मुळात घाबरतच नाहीत. थोडे किंचाळतात, आणि लगेच कोणत्या तरी चित्रपटाची आठवण काढतात. भयाला आश्रयच उरला नाही, तेव्हा विरोध नाही आणि विरोधाचा परिहारही नाही. असंबद्धता हा दोष नव्हे. जिच्याशी असंबद्ध व्हावयाचे ती गोष्टच जागेवर नसणे हा दोष होय.

मित्रांच्या बिऱ्हाडावरचा आणि चित्रपटांच्या विडंबनावर उभा असलेला एक चित्रपट हिंदीत चार दशकांपूर्वी होऊन गेला : सई परांजपे यांचा 'चश्मे बद्दूर' (१९८१). त्यात भूत नाही, पण दिल्लीतील एका खोलीत राहणारे तीन तरुण आहेत आणि त्यांतील दोघे निष्कांचन, निरुद्योगी व बढाईखोर आहेत. एका मुलीकडून फजिती करून घेतल्यावर हे दोघे परत येऊन आपल्या प्रणयाच्या खोट्या कहाण्या सांगतात. आणि त्या कहाण्या चित्रपटी भाषेत, एकाने तर जुन्या गाण्यांच्या माळेत गुंफून सांगितलेल्या असतात. येथपर्यंत केवळ विडंबन. पण पुढे तिसऱ्या, सरळमार्गी मित्राचे त्याच मुलीवर खरे प्रेम बसते, आणि या दोघांची ती खोटी भाषा त्याचे आयुष्य नासवू पाहते. शेवटी चूक निस्तरण्यासाठी ते चित्रपटांतल्यासारखेच खोटे अपहरण घडवू जातात, तर अपहरण खरेच होऊन बसते. उसन्या वाक्याची किंमत तेथे पात्रांना मोजावी लागते. 'फोन भूत' मध्ये कोणत्याही उद्धृताने कोणाचे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. ते वाक्य काढून त्या जागी दुसरे घातले तरी कथा तसूभरही हलणार नाही. भाषाशास्त्रात आपण प्रतिस्थापनाची कसोटी लावतो. घटक बदलूनही अर्थ बदलला नाही तर तो भेद अर्थवाहक नव्हे असे म्हणतो. तीच कसोटी येथे लावली आहे.

समकालीन चित्रपटांतही अर्थवाहक उदाहरणे सापडतात. 'गो गोवा गॉन' (२०१३) मध्ये समोर आलेल्या जिवंत प्रेतांना म्हणावे काय, यावर मित्रांचा वाद होतो. आपल्याकडे भुतेप्रेते असताना हा परदेशी प्रकार येथे कुठून आला, असा त्यांना प्रश्न पडतो. शब्द नाही म्हणून उपाय सुचत नाही, आणि त्या अडचणीतून हसू फुटते. (त्या चित्रपटातील गोव्यात कोंकणी जवळपास ऐकूच येत नाही, ही तक्रार निराळी.) 'स्त्री' (२०१८) मध्ये चंदेरीचे लोक भिंतीवर भुताला 'उद्या ये' अशी विनंती लिहून ठेवतात. कर्नाटकातील लोककथेत याच अर्थाचे शब्द 'नाळे बा' असे येतात. पण कन्नड 'नाळे' म्हणजे केवळ उद्या. हिंदीतील 'कल' काल आणि उद्या दोन्ही. ज्या भाषेत भूतकाळ आणि भविष्यकाळ एकाच शब्दात राहतात, तिच्यात भुताला दिलेले हे आमंत्रण अधिकच बिकट होते. आणि आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या' (२०२४) चे भूत तर कोकणातलेच. मुंज झाल्यावर अल्पावधीत मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत आपल्या परिचयाची. त्याची लग्नाची इच्छा राहून गेलेली असते आणि तीच त्या चित्रपटाला पुढे ढकलते. मुंजा, समंध, हडळ, जखीण या आपल्याकडील प्रत्येक शब्दात मेलेल्याचे वय, वर्ण, लिंग वा मरणाची रीत गोठलेली असते. नाव सांगितले की राहून गेलेली वासना सांगितली जाते. 'फोन भूत' मधील भुतांना नावे आहेत, वासना नाहीत. अपवाद फक्त रागिणीचा. पण तिची वासना तिसऱ्या प्रहरी, घाईघाईने आणि कोरड्या निवेदनातून कळते.

मला सर्वांत अधिक खटकते ते मेजर आणि गुल्लूविषयी. वय उलटत चालले आहे, हाताला काम नाही, केलेला प्रत्येक बेत फसतो. आणि हे एकमेकांना सांगावयाचे तर दोघांपाशी स्वतःचे एक वाक्य नाही. जे तोंडी येते ते कुणाचे तरी पूर्वीचे. असे तरुण आपण वर्गात रोज पाहतो. दुःख झाले तरी ते एखाद्या प्रसिद्ध संवादाच्या चालीवर बोलतात, आणि ऐकणारा हसतो, म्हणून पुढचे बोलणे राहून जाते. भुते घालवण्याचा धंदा करणाऱ्या या दोघांना स्वतःच वाक्यांनी झपाटले आहे, हे एकदा तरी कॅमेऱ्याने पाहावे अशी अपेक्षा होती. त्याऐवजी आणखी एक उल्लेख येतो आणि प्रसंग बदलतो.

विद्यार्थ्यांनी या चित्रपटावर काम करावयाचे तर उल्लेखांची यादी करू नये. ती कोणीही करील. ज्यांनी मूळ चित्रपट पाहिलेले नाहीत असे प्रेक्षक नेमके कोठे हसतात, याची नोंद करावी. माझ्या मते त्या नोंदीत शीबा चड्ढा यांचे प्रसंग वर येतील. चिकनी चुडैल त्यांनी रंगविली आहे. पात्राचे नाव तेवढे उसने, स्वराघात आणि मध्येच घेतलेले थांबे सर्वस्वी त्यांचे. त्यांच्याकडे पाहून हसताना चमेली आठवावी लागत नाही.