रचनाकाराविना वापरसुलभतेचे मूल्यमापन : काही प्रचलित पद्धतींची चिकित्सा

प्रवेश, परीक्षा-अर्ज, शिष्यवृत्ती, गुणनोंदणी, ग्रंथालयातील देवघेव अशी महाविद्यालयीन कारभाराची बहुतेक अंगे आता सॉफ्टवेअरच्या आधारे चालतात. ही सॉफ्टवेअर उत्पादने पुष्कळदा एखाद्या लहान स्थानिक संस्थेतील दोन-तीन प्रोग्रॅमर तयार करतात, तर काही ठिकाणी संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापकच विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ती घडवितात. 'वापरणाऱ्याला हे कसे जाईल' एवढाच विचार करण्यासाठी नेमलेला स्वतंत्र रचनाकार अशा कामात सहसा नसतो. मग वापरसुलभतेची परीक्षा कोणी करावयाची, आणि तिच्या निर्णयावर किती विसंबावयाचे? 'थोड्या खर्चात, तज्ज्ञाविना परीक्षण शक्य आहे' असा दावा करणाऱ्या पद्धती गेली तीस-पस्तीस वर्षे प्रचारात आहेत. प्रस्तुत लेखात त्या पद्धतींची ओळख करून देण्यापेक्षा त्यांचा दावा तपासून पाहावयाचा आहे.

या दाव्याचे मूळ जेकब नील्सन व रोल्फ मॉलिक यांच्या १९९० मधील निबंधात सापडते. काही मोजकी तत्त्वे हाती घेऊन पडद्यामागून पडदा तपासत जावयाचे आणि जेथे तत्त्वाचा भंग दिसेल तेथे दोष नोंदवावयाचा, अशी ही निकषाधारित परीक्षणाची पद्धत. १९९४ मध्ये नील्सन यांनी तत्त्वांची संख्या दहा केली व तीच यादी आज सर्वत्र वापरली जाते. यादी सुटसुटीत असल्याने ती फार लोकप्रिय झाली. मात्र मूळ निबंध काय सांगतो याकडे दुर्लक्ष झाले. एकेकटा परीक्षक या कामात बहुधा कच्चा ठरतो, त्याला एकूण दोषांपैकी २० ते ५१ टक्केच दोष सापडतात, हा त्या निबंधाचाच निष्कर्ष होय. तीन ते पाच जणांनी परस्परांशी न बोलता परीक्षण केले आणि नंतर त्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तरच फलित समाधानकारक ठरते. आपल्याकडे मात्र तिघांची समिती एकाच संगणकासमोर बसते, सर्वांत ज्येष्ठ सदस्य बोलतो व उरलेले माना डोलावतात. तीन परीक्षकांचे हे परीक्षण वस्तुतः एकाचेच असते.

१९९२ च्या अभ्यासात नील्सन यांनी दूरध्वनीवरील बँक-सेवेच्या एका प्रणालीचे परीक्षण तीन प्रकारच्या परीक्षकांकडून करविले. वापरसुलभतेचे ज्ञान नसलेल्या नवख्यांना सरासरी २२ टक्के, वापरसुलभतेच्या जाणकारांना ४१ टक्के आणि वापरसुलभता व त्या विशिष्ट प्रकारची प्रणाली या दोहोंचे ज्ञान असणाऱ्यांना ६० टक्के दोष सापडले. हे नवखे परीक्षक संगणकाशी परिचित असलेले विद्यार्थी होते, हे विशेष. संगणक येतो म्हणून वापरसुलभता कळते, या सार्वत्रिक समजाला येथे छेद जातो. या आकड्यांचा दुसराही एक अर्थ प्रस्तुत लेखकास जाणवतो. साधारण जाणकार व दुहेरी जाणकार यांच्यातील अंतर विषयज्ञानाचे आहे. ग्रंथालयात वीस वर्षे देवघेव सांभाळलेल्या लिपिकाकडे हे ज्ञान भरपूर असते. त्याला तत्त्वांची यादी समजावून दिली तर तो दुहेरी जाणकाराच्या बराच जवळ जाईल, असे मानावयास जागा आहे. परीक्षण-समितीत मात्र त्याला क्वचितच बोलाविले जाते.

यादीपेक्षा वापरणाऱ्यालाच समोर बसवावे, हा दुसरा मार्ग. येथे 'पाच व्यक्ती पुरेत' हे वचन इतके रूढ झाले आहे की त्याची गणिती घडण कोणी पाहत नाही. नील्सन व लँडॉवर यांच्या १९९३ च्या प्रतिमानानुसार एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात. म्हणजे पाच जणांनंतर न सापडलेले दोष ०.६९ च्या पाचव्या घाताइतके, सुमारे १६ टक्के उरतात. गणित बरोबर आहे, पण ३१ ही केवळ सरासरी आहे. एखादा दोष दहांतून एकालाच अडवीत असेल, तर पाच जणांच्या चाचणीत तो आढळण्याची शक्यता सुमारे ४१ टक्केच राहते. आणि ज्या विद्यार्थ्याचा अर्ज त्या दोषामुळे नाकारला जातो त्याला सरासरीचा काही उपयोग नाही. शिवाय हे पाच जण एकाच गटातले असावेत असे गृहीत आहे. परीक्षा-अर्ज भरणारा विद्यार्थी, तो पडताळणारा लिपिक आणि गुण भरणारा प्राध्यापक हे तीन निराळे गट होत. नील्सन यांचा स्वतःचा सल्लाही पंधरा जणांची एकच चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दुरुस्ती करावी, असा होता. उद्धृत करणारे फेऱ्या व दुरुस्ती विसरतात आणि पाच हा आकडा तेवढा लक्षात ठेवतात.

तर मग रचनाकार किंवा व्यावसायिक परीक्षक नेमला की प्रश्न सुटतो काय? येथे पुन्हा मॉलिक यांचीच साक्ष काढावी लागते. त्यांनी पुढे योजलेल्या तौलनिक अभ्यासांपैकी एकात नऊ चमूंनी हॉटमेल या ई-मेल सेवेची स्वतंत्रपणे चाचणी घेतली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण ३१० निरनिराळ्या अडचणी नोंदविल्या गेल्या व त्यांपैकी सुमारे ७५ टक्के केवळ एकेकाच चमूच्या अहवालात होत्या. हर्टझम व जेकबसन यांनी २००१ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेऊन कोणत्याही दोन परीक्षकांतील एकमत सरासरी ५ ते ६५ टक्के एवढेच असल्याचे दाखविले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना परीक्षकांमधील ही तफावत नवी नाही! मात्र आपण निदान नमुना-उत्तरे व नियामक यांची सोय करतो. सॉफ्टवेअरच्या परीक्षणात तेवढीही नसते. मूल्यमापन हे मापन आहे असा आव आणण्याऐवजी ते दोषांचा शोध आहे असे मान्य केले, तर रचनाकार नसल्याचा न्यूनगंडही कमी होईल.

मापनाच्या आग्रहातूनच प्रश्नावल्यांचे प्रस्थ वाढले. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा विधानांची श्रेणी सर्वांत अधिक वापरली जाते. तिच्यातून शंभरपैकी एक गुणांक मिळतो. हा गुणांक टक्केवारी नव्हे आणि दोष कोठे आहे हेही तो सांगत नाही. दोन आवृत्त्यांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो, एवढेच. ब्रूक यांनी स्वतः तिला झटपट व ओबडधोबड साधन म्हटले होते. आपल्याकडे मूल्यांकनाच्या निमित्ताने अभिप्राय-अर्जांचे गठ्ठे जमविण्याची सवय जडली असल्याने हे साधन विशेष प्रिय होण्याचा धोका आहे. भाषेची अडचण आणखी निराळी. या श्रेणीतील एक इंग्रजी शब्द इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना कळत नाही, याकडे क्रेग फिन्स्टॅड यांनी २००६ मध्ये लक्ष वेधले. तालुक्याच्या ठिकाणच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर ती इंग्रजीत ठेवली, तर मोजली जाईल ती त्याची इंग्रजी.

भाषेचा हा मुद्दा येथे अधिक विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते, कारण बाहेरून आणलेल्या कोणत्याही यादीत तो पुरेसा येत नाही. प्रणालीने वापरणाऱ्याच्या जगातील शब्द व क्रम पाळावा, असे नील्सन यांचे एक तत्त्व आहे. आता नावाचाच रकाना पाहा. आपल्या गुणपत्रिकांवर पुष्कळदा आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. अर्जात मात्र पहिले, मधले व शेवटचे नाव असे तीन रकाने असतात. 'पहिले' म्हणजे स्थानाने पहिले की स्वतःचे? दोन विद्यार्थी दोन प्रकारे भरतात, दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि कागदपत्रांशी जुळणी करणारी प्रणाली एकाला नाकारते. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींची अडचण याहून बिकट. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुले महाविद्यालयात येतील तेव्हा तीन रकाने पुरणारच नाहीत. हा दोष ओळखण्यास रचनाशास्त्राची पदवी लागत नाही, प्रवेश-खिडकीवरचा एक हंगाम पुरतो. 'अवैध आदान' अशा संदेशाचेही तेच. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे, परंतु जन्मतारखेत महिना आधी लिहिल्यामुळे अर्ज अडला, हे त्यातून कोणासही समजणार नाही.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात रचनाकाराचा अभाव प्रकर्षाने चर्चिला गेला आहे. २००४ मध्ये एरिक रेमंड यांच्यासारख्या मुरलेल्या प्रोग्रॅमरने घरातील दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर वापरताना झालेल्या हालांवर संतप्त निबंध लिहिला. दुसऱ्याच्या उत्पादनापुढे प्रोग्रॅमरही सामान्य माणूस होतो, हे त्यातून दिसले. कोहा, मूडल अशी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आपल्या संस्थांना स्रोत बदलण्याची मुभा असते. पण जे अडते त्याची टिपणे ठेवण्याची शिस्त नसेल, तर त्या मुभेचा उपयोग होत नाही.

जॉन गूल्ड व क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्येच तीन तत्त्वे मांडली होती : आरंभापासून वापरणाऱ्यांकडे व त्यांच्या कामाकडे लक्ष, प्रत्यक्ष चाचणी, आणि चाचणी-दुरुस्तीची आवर्तने. रचनाकार असो वा नसो, तिसरे तत्त्व करारात नसेल तर पहिली दोन वाया जातात. आपल्या निविदांमध्ये वापरसुलभतेचा उल्लेख 'प्रणाली वापरण्यास सोपी असावी' अशा एका ओळीत उरकला जातो आणि परीक्षण होते ते बहुधा अखेरचे देयक देण्याच्या आदल्या आठवड्यात. अमुक वापरणारे, अमुक उद्दिष्ट व अमुक परिस्थिती यांच्याविना वापरसुलभता या शब्दाला अर्थच नाही, हे आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागाने १९९८ मध्ये सांगितले व २०१८ च्या सुधारित आवृत्तीतही ते कायम आहे. त्या एका ओळीच्या जागी पुढील मजकूर घालण्यास कोणत्याही प्राचार्यास अडचण नसावी : प्रथम वर्षाचे पाच विद्यार्थी, स्वतःच्या मोबाइलवर, कोणाचीही मदत न घेता, परीक्षा-अर्ज शुल्कासह पूर्ण भरतील, जेथे ते अडतील तेथे दुरुस्ती होईल, दुरुस्तीनंतर दुसरे पाच विद्यार्थी बसतील, त्यानंतरच देयकाचा अखेरचा हप्ता अदा होईल.