‘आज्ञापत्रा’तील आरमार प्रकरण : मर्यादित कोश आणि युद्धनौकेची निवड

प्रस्तावना :
रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चा (इ. स. १७१५) विचार मराठीत प्रामुख्याने राजनीतिपर गद्याचा आदर्श म्हणून झालेला आहे. त्यातील आरमार प्रकरणातून रयतेच्या आंबा-फणसाच्या झाडांविषयीचा उतारा वारंवार उद्धृत केला जातो. मात्र त्यामुळे प्रकरणाचा मूळ प्रश्न दुर्लक्षित राहतो. कोश मर्यादित असताना राज्याने कोणत्या बांधणीचे जहाज निवडावे, हा तो प्रश्न होय. त्या दृष्टीने सदर प्रकरणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जहाजाची निवड :
गुराबा फार थोर वा फार लहान नसाव्यात, गलबतेही तशीच असावीत, अशी ग्रंथकाराची शिफारस आहे. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी मोठी जहाजे तो नाकारतो आणि त्यांत ‘फरगात’ हे नाव घेतो. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द म्हणजेच आजचे ‘फ्रिगेट’ होय. या नकारामागे अनुभव आहे. अठराव्या शतकातील वर्णनांनुसार गुराब १५० ते ३०० टनांची व उथळ पाण्यात चालणारी असे. गलबत सहसा ७० टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे असे. वारा पडल्यास गलबते गुराबेला ओढून नेत. म्हणूनच पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा, अशी रचना ग्रंथात सांगितली आहे. येथे एकट्या जहाजाऐवजी संचाचा विचार झालेला दिसतो.

खर्चाची मांडणी :
आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, असे ग्रंथकार बजावतो. कारण तसे केल्यास सावकारांस उपद्रव होऊन बंदरे बुडतात. सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे, रयतेची झाडे बळाने तोडू नयेत, असाही दंडक आहे. झाडांचा उतारा या संदर्भात वाचला असता तो केवळ भूतदयेचा राहत नाही. जहाजाची किंमत कोणी सोसावी, याचाच तो निर्णय आहे.

आधुनिक पडताळा :
हीच विचारपद्धती मुंबईच्या माझगाव गोदीत पुन्हा दिसते. ब्रिटिश ‘लिअँडर’ आराखड्यावरून तेथे बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढील ‘गोदावरी’साठी (१९८३) सर्वस्वी नवी यंत्रणा न घेता परिचित बांधणीच वाढविण्यात आली, बाष्पयंत्रे तीच ठेवण्यात आली, भर पडली ती रशियन क्षेपणास्त्रांची आणि दोन हेलिकॉप्टरांची. जे हाताळता व दुरुस्त करता येते ते कायम ठेवून नव्या गरजेपुरताच खर्च करण्याचे हे धोरण ‘आज्ञापत्रा’शी जुळणारे आहे.

मर्यादा :
तथापि ग्रंथकाराने आरमाराचे प्रयोजन किनाऱ्यापुरते गृहीत धरले आहे. प्रयोजन बदलल्यास ‘मध्यम’ कशास म्हणावे, याचे उत्तर ग्रंथात मिळत नाही. २०२५ मध्ये दाखल झालेली नवी ‘निलगिरी’ जुन्या ‘निलगिरी’च्या दुपटीहून अधिक वजनाची आहे, हे येथे लक्षणीय ठरते. दुसरे असे की, आरमाराला स्वतंत्र राज्यांग म्हणणारा हा ग्रंथ राज्यांगांत कलह झाल्यास काय, याविषयी मौन बाळगतो. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. हा दोष जहाजाच्या बांधणीचा म्हणता येणार नाही.

निष्कर्ष :
‘आज्ञापत्रा’तील ‘मध्यम’ हे निश्चित माप नव्हे. समुद्र, कोश, जंगल आणि रयत यांचा मेळ घालून करावयाचा तो निर्णय आहे. प्रकरणाचे मोल या मेळात आहे. केवळ वृक्षरक्षणाचा उतारा वेगळा काढून वाचल्यास ते हाती लागत नाही.