पानिपतावर थांबलेले कालयान

मराठी विज्ञानकथेतला सर्वांत गाजलेला कालप्रवास यंत्राशिवाय होतो. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक पुण्याहून रेल्वेने मुंबईला येतात आणि उतरतात ते अजून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात असलेल्या मुंबईत. दुकानांच्या पाट्या वेगळ्या, ओळखीच्या इमारती गायब. पंत गांगरतात, पण त्यांचा पिंड अभ्यासकाचा. ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तके काढून बसतात. त्यांत त्यांनी स्वतः लिहिलेले खंडही आहेत. आधीचे खंड जसेच्या तसे. शेवटच्या खंडात मात्र विश्वासरावांना गोळी लागतच नाही, कानाजवळून निघून जाते, आणि मराठे पानिपत जिंकतात. स्वतःच्या नावावर छापलेला, पण आपण न लिहिलेला इतिहास वाचणारा माणूस! मराठी कथेत याच्या तोडीचा प्रसंग शोधावा लागेल.

या कथेची थोरवी वादातीत आहे. तिच्यामुळे पडलेल्या सवयीबद्दल मात्र बोलायला हवे. मराठीतला काळाचा प्रवासी बहुधा मागे जातो, आणि मागे जातो तो एखादी जुनी चूक दुरुस्त करायला. पुढे जायचे म्हटले की तोच प्रवासी प्रयोगशाळेत शिरतो आणि दार लावून घेतो. एच. जी. वेल्सने 1895 मध्ये आपला प्रवासी 8,02,701 या सालात धाडला तेव्हा त्याला तिथे दिसली ती लंडनचीच माणसे : वर उन्हात बागडणारे नाजूक ऐतखाऊ आणि खाली अंधारात यंत्रे चालवणारे, रात्री वर येऊन त्यांनाच खाणारे. कारखान्यांतली विषमता लाखो वर्षे ताणली तर काय होईल, एवढाच वेल्सचा प्रश्न होता. आपल्या गावातली विषमता अशी ताणून पाहण्याचे धाडस मराठी विज्ञानकथेने क्वचितच केले.

परंपरेकडे बोट दाखवून सुटता येत नाही. विज्ञानावरच्या व्याख्यानात ककुद्मी राजाची गोष्ट हटकून निघते : मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, तिथे थोडा वेळ गाणे ऐकत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. आइन्स्टाइनच्या आधी आम्हाला सारे ठाऊक होते, असे म्हणून वक्ता टाळ्या घेतो. त्या टाळ्यांत गोष्टीचा खरा गाभा निसटतो. परतलेल्या राजाला माणसे खुजी झालेली दिसतात; रेवतीशी लग्न करणाऱ्या बलरामाला नांगराच्या टोकाने तिची उंची कमी करावी लागते. म्हणजे भविष्याचे आपले जुने चित्र झिजत जाणाऱ्या माणसाचे आहे. त्याच्यावर विसाव्या शतकात प्रगतीचे कलम बांधले गेले, ते अजून नीट जीव धरून नाही.

आधुनिक मराठी विज्ञानकथेचा खरा जोर सुरू झाला तो मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेमुळे. 1974 मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा तिथे आली आणि बक्षीस घेऊन गेली. जगताप म्हणजे आद्याक्षरे उलटी करून बसलेले नारळीकर. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी दिवाळी अंकांत या कथेला हक्काची जागा मिळवून दिली. नारळीकर 2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मुख्य प्रवाहाने तिला उशिरा का होईना पाट दिला. 20 मे 2025 रोजी ते गेले. त्यानंतरच्या श्रद्धांजल्यांत ‘विज्ञान सोपे करून सांगणारे’ हे विशेषण इतक्यांदा आले की कथाकार मागेच पडला. सोपे करून सांगणे हेच या साहित्याचे काम, ही समजूत अजून पक्की आहे. म्हणून तर कित्येक कथांत एक पात्र भोळेपणाने विचारते आणि दुसरे दीड पान उत्तर देते. वाचक शिकतो, पण कथा तोवर खोळंबते.

छत्रपती संभाजीनगरात बसून हे साहित्य वाचले की त्यातला एक रिकामा कोपरा जास्तच डोळ्यांत भरतो. (पंत आमच्या शहरात उतरले असते, तर खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आताचे नाव, एवढ्या पाट्या वाचताना त्यांना इतिहास बदलल्याची शंकाही आली नसती.) पानिपताची मोहीम मराठवाड्यातून निघाली. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवले, दौलताबादचा किल्ला तहात मिळवला आणि जालना जिल्ह्यातल्या परतूरहून फौज उत्तरेकडे वळली. मराठे पानिपत जिंकते, तर निजामाचे काय झाले असते? रझाकार आले असते का? मराठवाडा मुक्तीच्या 17 सप्टेंबर 1948 या तारखेला काही अर्थ उरला असता का? गंगाधरपंतांची गाडी पुणे-मुंबई मार्गावर धावते, इकडे फिरकत नाही.

मागे जाण्याचा आणखी एक रस्ता होता. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेच्या 1979 च्या ‘किंड्रेड’ कादंबरीत 1976 सालच्या लॉस एंजेलिसमधली डाना पुनःपुन्हा मेरीलँडच्या गुलामांच्या मळ्यावर ओढली जाते आणि शेवटी एक हात गमावूनच वर्तमानात परतते. तिथे भूतकाळ दुरुस्त होत नाही, तो प्रवाशालाच मोडतो. आमच्याकडे मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक उभे केले ते 1960 च्या दशकाच्या अखेरीस; मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली 1966 मध्ये. म्हणजे दोन्ही प्रवाह एकाच काळातले. एकाकडे भूतकाळाचा दाह होता, दुसऱ्याकडे काळ वाकवण्याची युक्ती. त्यांची गाठ पडती, तर 1927 च्या महाडच्या सत्याग्रहात किंवा निजामाच्या वेठबिगारीत ओढली गेलेली एखादी डाना मराठीतही जन्मती. दलित लेखकांना विज्ञानकथा पोरखेळ वाटली असेल, तर दोष विज्ञानकथेचाही आहे. तिच्या प्रयोगशाळेत आडनावे फार ओळखीची असतात.

भविष्याचे म्हणाल तर ते मराठवाड्यात कथेची वाट न पाहता आले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोहोचली : पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर पिण्याचे पाणी. त्याआधीच तिथे पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये चिकलठाण्याच्या विमानतळावरून कृत्रिम पावसासाठी ढगांत क्षार फवारायला विमान उडाले आणि विभागीय आयुक्तालयाच्या छपरावरचे रडार ढग शोधत होते. महसूल खात्याच्या कचेरीवर रडार! हे कुणी कथेत लिहिले असते, तर संपादकाने ‘जरा अतिशयोक्त’ म्हणून परत पाठवले असते. नारळीकरांच्या ‘हिमप्रलया’त मुंबईवर बर्फ पडते, कल्पना झकास आहे. पण पाण्यासाठी कलम 144 लागलेले गाव हे त्याहून मोठे भविष्यचित्र होते, आणि ते बातमीदारांच्या वाट्याला आले.

एक अपवाद ठळकपणे नोंदवायला हवा, आणि तोही नारळीकरांचाच. मुलगाच व्हावा अशी सोय विज्ञानाने हाती दिली तर समाजाचे काय होईल, हा ‘पुत्रवती भव’ या कथेचा विषय. त्यानंतर गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा 1988 मध्ये आला, केंद्राचा 1994 मध्ये. आणि 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. इथे लेखकाने यंत्र नेऊन ठेवले ते घराच्या माजघरात, सासू-सुनेच्या मधोमध. म्हणूनच ही कथा शिळी झाली नाही. यानाचे इंधन आणि प्रकाशाचा वेग पाठ असलेल्या पुष्कळ कथा मात्र त्यांतले विज्ञान जुने होताच कोमेजल्या.

आता पुढची कथा कुठे घडेल, हे ठिकाण जवळजवळ ठरले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने 2023 मध्ये तिला 2,600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, त्यांत लेसर, आणि कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठलेली, अणूच्या केंद्रकाहूनही सूक्ष्म थरथर टिपायची. 2015 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा सापडलेला तरंग सुमारे 130 कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. या प्रकल्पात नारळीकरांनी घडवलेली पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था सहभागी आहे, म्हणजे ‘कृष्णविवर’ लिहिणाऱ्याचा वारसा थेट आमच्या कोरडवाहू रानात आला. यावर कथा येतील, स्पर्धेत बक्षिसेही मिळवतील. त्यांत पुण्याचे शास्त्रज्ञ असतील, ते काळाच्या पार जातील, हरकत नाही. पण औंढ्याची माणसे त्यांत नुसती पहारेकरी आणि चहावाले म्हणून आली, तर ती कथा पन्नास वर्षांपूर्वीच लिहून झाली आहे, असे खुशाल समजावे.