उसना काळा रंग

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य मराठीत ओळखीचं झालं त्यात लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांचा वाटा मोठा. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या या अभ्यासकाचं 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक दलित साहित्याच्या ऐन भरात हातोहाती फिरत होतं. त्या साहित्यातली बाई झगडणारी, चिडणारी, विचार करणारी होती. अमेरिकी टीव्हीवरची कृष्णवर्णीय बाई मात्र बराच काळ गोऱ्या घरात राबत राहिली.

'ब्यूला' हे त्याचं ठळक उदाहरण. गोऱ्या कुटुंबाची अडचण हसतमुखाने सोडवणारी ही मोलकरीण रेडिओवर आली तेव्हा तिला आवाज दिला होता मार्लिन हर्ट या गोऱ्या पुरुषाने! १९५० साली मालिका टीव्हीवर आली आणि एथेल वॉटर्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री त्या भूमिकेत दिसली. साचा जुनाच, पण चेहरा खरा. १९६८ मध्ये 'ज्युलिया'तली परिचारिका आली, २०१५ मध्ये व्हायोला डेव्हिसला नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा एमी मिळाला. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

मराठी मालिका अजून त्या रेडिओच्या टप्प्यावरच आहे.

२०१९ मध्ये 'स्टार प्रवाह'वर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. मल्याळम मालिकेवरून बेतलेली ही गोष्ट सावळ्या दीपाची, आणि दीपा झाली रेश्मा शिंदे. रोज मेकअप करून तिचा उजळ रंग गडद केला जाई. रंगभेदाविरुद्ध बोलायला निघालेल्या मालिकेला सावळी नटी मिळू नये, हे पटत नाही. २०२४ मध्ये 'झी मराठी'च्या 'सावळ्याची जणू सावली'ने तोच रस्ता धरला. मूळ बंगाली 'कृष्णकली', इथे प्राप्ती रेडकरच्या चेहऱ्यावर तोच लेप.

या दुसऱ्या मालिकेतला एक प्रसंग फार बोलका आहे. रंगमंचावर गोरी तारा उभी राहते, ओठ हलवते, टाळ्या घेते. सूर असतो पडद्याआड बसलेल्या नायिकेचा, सावलीचा. ताराला पुढे करून सावलीवर केलेला हा अन्याय प्रेक्षकाला चीड आणतो, आणणारच. पण वाहिनीही तेच करते आहे. काळ्या मुलीची व्यथा वापरायची आणि उजेडात उभं करायचं गोरीला.

त्या व्यथेचाही साचा ठरलेला आहे. सावळी नायिका सोशिक हवी, गुणी हवी, सासूचे टोमणे गिळून तिच्याच आजारपणात उशाशी बसणारी हवी. रंगाची भरपाई गुणांनी करायची, म्हणजे रंग हे वैगुण्य आहे हे आधीच कबूल केलं! आळशी, तापट, महत्त्वाकांक्षी, प्रेमात पुढाकार घेणारी काळी नायिका शोधून सापडत नाही.

रंगाला चिकटून भाषा येते, जातही येते. 'काय करलालाव?' असं विचारणारी लातूर-नांदेडकडची बाई मालिकेत आलीच तर धुणीभांडी करायला नाहीतर हसवायला. 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या राधिकेने वऱ्हाडी बोलत वर्षानुवर्षं घराघरात जागा मिळवली, तेव्हा प्रेक्षक बोलीला नाकं मुरडतो ही सबब टिकत नाही. दलित स्त्री भेटते ती बहुधा चरित्रपटात. बाबासाहेबांवरच्या मालिकेतली शिवानी रांगोळेची रमाई लोकांनी मनापासून पाहिली. पण आज नांदेडला भाड्याची खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत बेभान नाचणारी रमाईची पणती संध्याकाळच्या मालिकांत कुठे आहे?

टीआरपीचं कारण पुढे येतं. ते अगदीच खोटं नाही. 'सावित्रीजोती'सारखी जिव्हाळ्याने केलेली मालिका वर्षाच्या आत, २०२० सालीच बंद झाली. पण सावळ्या नायिकेच्या कथेला प्रेक्षक आहे हे दीपाने सिद्ध केलं, जवळपास चार वर्षं. मग त्या कथेत सावळी नटी घ्यायला कशाची भीती? नांदेडच्या विद्यापीठात नाट्यशिक्षण मिळतं, शहर राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, आणि तिथे मुली आपापल्या रंगाने, आपल्या बोलीत मध्यवर्ती भूमिका करतात. मालिकांसाठी नट निवडणाऱ्यांनी एखादं वर्ष तिथे जाऊन प्राथमिक फेरी पाहावी.