गिटार, दमट हवा आणि बदक

लाकडी गिटारीला शहापूर तालुक्याची हवा मानवत नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं आमच्याकडची. ते पाणी नळातून दादरला पोचायच्या आधी हवेतून आमच्या कपाटांत, पापडांत आणि गिटारींत येऊन जातं. जूनमध्ये गिटारीचं पोट फुगू लागतं, तारा वर उचलल्या जातात आणि गणपतीपर्यंत साधा एफ दाबायला तालमीतला पैलवान बोलवावा लागतो. मे महिन्यात तेच लाकूड आकसतं. आम्हा बी.कॉम.वाल्यांच्या भाषेत, घसारा दोन्ही बाजूंनी.

म्हणून 2024 च्या वेतनकराराची थकबाकी हातात आली तेव्हा कार्बन फायबरची छोटी प्रवासी गिटार घ्यावी, असं माझ्या मनानं घेतलं. त्या रकमेवर घरच्या फ्रिजचाही दावा होता, आणि तो दावा जुना होता. तेव्हा परीक्षण कसून करणं भाग होतं.

ही कल्पना काही आजची नाही. 1966 मध्ये अमेरिकेत चार्ल्स कामन या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या गृहस्थानं फायबरग्लासच्या गोल पाठीची ‘ओव्हेशन’ गिटार काढली. पुढे नव्वदच्या दशकात हवाई बेटांवरच्या जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञानं कार्बन फायबरच्या गिटारी आणल्या आणि नाव ठेवलं ‘रेनसाँग’. आमच्यासारखाच पावसात भिजलेला माणूस असणार.

मेव्हण्यानं परदेशातून आणलेली अशी एक गिटार गेल्या वर्षी जुलैभर माझ्याकडे होती. रोज शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडच्या शाखेत ती माझ्याबरोबर एस्टीनं आली. कंडक्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं, “साहेब, हे माणूस की सामान?” मी म्हटलं, “गिटार स्त्रीलिंगी आहे. 2023 पासून तुमच्याकडे महिलांना अर्धं तिकीट ना?” त्यानं मला पूर्ण तिकीट दिलं आणि गिटार माझ्याच मांडीवर दिली. लांबी बेताची असल्यानं शेजारच्या आजींच्या टोपलीला धक्का लागला नाही, हा या जातीचा पहिला गुण.

दुसरा गुण म्हणजे स्वभाव. महिनाभर पाऊस, घाम आणि खड्डे सोसूनही खुंट्या पिळायची वेळ फार थोडी आली. मान वाकली नाही, पोट फुगलं नाही. तारा मात्र गंजल्या. तारा पोलादाच्या, त्यांना कार्बनची पुण्याई लागत नाही.

एक खबरदारी घ्यावी. स्वस्तातल्या पुष्कळ गिटारींवर ‘कार्बन फायबर’ असं ठळक लिहिलेलं असतं. खालची बारीक अक्षरं वाचावीत (आम्ही कर्जाच्या कागदांवर ती नेहमी छापतो, म्हणून आम्हालाच ती वाचायची सवय). तिथं पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लॅस्टिक, आणि त्यात कार्बनचे तुकडे कालवलेले, असं निघतं. पावसाला तीही टिकते. पण भाव त्या कालवणाचाच द्यावा.

आता आवाज. वरचे सूर स्वच्छ, थोडे काचेच्या बांगड्यांसारखे. खर्ज मात्र पोटातून येतो आणि इथं पोटच नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर एवढा मोठा भोपळा का निवडतात, हे ही छोटी गिटार वाजवल्यावर नीट कळतं. शिवाय लाकूड लोणच्यासारखं मुरतं. कार्बन आज जसा वाजेल तसाच माझ्या निवृत्तीच्या दिवशी वाजेल. घसारा नाही, तशी मुरवणही नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला याचं थोडं वाईट वाटतं.

खरी पंचाईत पिकअपची. 31 जुलैला आमच्या हेडकॅशियरांचा निरोप समारंभ होता. हॉलच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता, म्हणजे पिकअपशिवाय माझी गिटार फक्त मलाच ऐकू आली असती.

पिकअप मुख्यतः तीन जातींचे. घोडीवरच्या पट्टीखाली बसतो तो पिएझो. दाबलं की स्फटिकातून वीज निघते, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. जोरात छेडलं की बदकाचा आवाज निघतो, हे त्यांच्या कानावर आलं नसावं. दुसरा आतून पोटाला चिकटवतात. तो सगळं अंग ऐकतो, त्यामुळे आवाज भरदार. पण शर्टाचं बटणही ऐकतो, आणि समोर भोंगा असला की शिट्टी मारतो. तिसरा चुंबकी, भोकावर आडवा बसणारा, शिट्टीला फारसा न बधणारा. पण कार्बनच्या बऱ्याच गिटारींचं भोक मधे नसून वरच्या कोपऱ्यात असतं. तिथं तो तारांखाली येतच नाही.

राहिलं बदक. त्याला थेट मंडपवाल्याच्या माइकच्या भोकात सोडलं तर असला नसला खर्जही गळतो, कारण ती जागा माइकसाठी आखलेली. मधे सेलवर चालणारा छोटा प्रीअँप हवाच. महागड्या पिकअपांत एको, घुमारा, पडदा, दिवे असतात. ते सगळं नको. आमचा मंडपवाला लग्नापासून दहाव्यापर्यंत एकच एको सगळ्यांना फुकट देतो. त्यात आपला मिसळला की हेडकॅशियरांच्या निरोपाचं गाणं कसारा घाटातून आल्यासारखं वाटतं.

तेव्हा माझा कौल असा: पैसे अस्सल कार्बनच्या देहावर घालावेत, पिकअप पट्टीखालचा, साधा, आवाज आणि खर्ज-तार एवढ्याच चकत्यांचा घ्यावा. फ्रिज पुढच्या करारावर ढकलला आहे. घरी या वाक्यावर अजून चर्चा चालू आहे. वाजवून झालं की वायर उपसून ठेवावी, नाहीतर सेल उगाच बसतो. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मुरबाडच्या बाजारात मिळतो. दुकानदार तो आधी स्वतःच्या जिभेला लावतो, चेहरा वाकडा करतो आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात देतो.